थंडीतला बॉल

त्या सकाळी आमचे हे नेहमीपेक्षा खूपच लवकर घरी आले. बेल मात्र त्यांच्याबरोबर आलेल्या गव्हाणच्या शेठनी वाजवली. दार उघडलं तर ह्यांनी डावा हात उजव्या काखेत घट्ट दाबून धरलेला, आणि चेहरा असा, की काही विचारायची सोय नाही. शेठनी गोल्फची बॅग चपलांच्या रॅकला टेकवली आणि म्हणाले, "वयनी, घाबरू नका. काय झाला नाय. हातातून काठी सुटली, बस."

"काठी नाही, क्लब," हे आत जाताजाता म्हणाले.

पावसाळ्यात ह्यांना पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला होता. बोलणं आठवड्याभरात सुधारलं, पायही सावरला, डावा हात तेवढा मागे राहिला. पेला धरता येई, पण शर्टाचं बटण लावताना माझी मदत लागे, आणि ती मागायची नसल्यामुळे हे घरात टी-शर्ट घालू लागले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिवाळीनंतर सांगितलं, "गोल्फ खेळू देत काकांना. चालणं होईल, मन रमेल. फक्त हाताला झटके नकोत." ते ऐकून मला इतकं हायसं वाटलं, की झटके नकोत हे वाक्य मी कानाआडच केलं.

गोल्फ आमच्या घरात आला तो ह्यांच्या तळोज्याच्या कंपनीतून. परदेशी पाहुणे येत आणि धंद्याचं बोलणं मैदानावर चालता चालता करत, म्हणून कंपनीने चारपाच मॅनेजरांना खेळ शिकवला. बाकीच्यांनी बदली झाली तसा सोडला. ह्यांनी धरून ठेवला. शेठ तेव्हा कंपनीला डंपर पुरवायचे. त्यांच्या घरची पूर्वी मिठागरं आणि भातशेती, पुढे जमिनी गेल्या आणि गाड्या आल्या. कामाचं बोलायला ते ह्यांना गाठायला मैदानावर येत, आणि एकदा गंमत म्हणून हातात क्लब घेतला तो आजतागायत सोडलेला नाही. ह्यांना ते अजून साहेब म्हणतात, हे त्यांना शेठ म्हणतात, आणि दोघं आठवड्यातून तीनदा एकमेकांशी भांडतात. ह्यांच्या आजारपणानंतर ते भांडण मात्र बंद पडलं होतं.

शेठ जाताना मला दाराबाहेर म्हणाले, "साहेबांचा बॉल कडक हाय. थंडीत आनखी कडक होतो, दगडावानी. लागला की कळ सरळ हातात. आमी बोललो तर ऐकत नाय. तुमी मऊ बॉल आणा."

डोंगराखालच्या त्या मैदानावर डिसेंबरात उजाडताना चांगलंच गारठतं. पनवेलच्या थंडीला हसणारी माझी पुण्याची बहीण एकदा तिथे शाल मागत होती. तेव्हा थंडीचं पटलं. पण मऊ बॉल म्हणजे काय, ते काही कळेना. मी बॅगेतून दोन बॉल काढले आणि अंगठ्याने दाबून पाहिले. दोन्ही सारखेच टणक. कच्चं सीताफळ तरी कुठेतरी दबतं.

"ह्यात मऊ असतो?" मी ह्यांना विचारलं.

"असतो. ज्यांच्याने जोरात मारवत नाही त्यांच्यासाठी."

"मग आणू या."

"माझ्या बॉलला काहीही झालेलं नाही. इतकी वर्षं हाच खेळतोय."

"हाताला झालंय ना पण."

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी शाळेत गणित शिकवलं, आता कामोठ्यात संध्याकाळी शिकवणीचा वर्ग घेते. न कळणारी गोष्ट समोर पडली की मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाला जाण्यापूर्वी पनवेलच्या बाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी टेनिसचे बॉल काढले, मग भोकं असलेले प्लॅस्टिकचे, आणि शेवटी म्हणाला, "ताई, कॅरम नेता का? घरात बसून खेळता येतो." त्याचा हेतू चांगला होता. मी घरी येऊन उगाचच भांडी आपटली.

मग वाशीला गेले, गोल्फच्या खास दुकानात. तिथे एसी, गालिचा आणि भिंतभर बॉलची खोकी. विक्रेता तरतरीत होता, हिंदी-इंग्रजीत बोलत होता. थंडीसाठी मऊ बॉल हवा म्हटल्यावर त्याने विचारलं, सरांचा स्विंग स्पीड किती? मला माहीत नव्हतं. बॉल उंच जातो की खालून? माहीत नव्हतं. मग म्हणाला, "सर का हँडिकॅप क्या है?"

"लेफ्ट हँड," मी म्हणाले.

तो गोंधळला. गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणजे खेळाडू किती कच्चा की पक्का त्याचा आकडा, हे मला त्याने नंतर अदबीने समजावलं. तोपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते त्याला दिसलं म्हणून मला जास्त राग आला. पावसाळ्यापासून मी एकदाही रडले नव्हते. इथे एका परक्या माणसासमोर, बॉलच्या भिंतीपुढे, एका शब्दावरून माझं असं व्हावं? त्याने पाणी आणून दिलं. मी ते पिऊन म्हटलं, "तुमच्याकडे सगळ्यात मऊ जो असेल तो द्या."

कळंबोलीच्या चौकात बस अडकली तेव्हा मी पिशवीतलं खोकं नीट पाहिलं. त्यावर एका टोपीवाल्या बाईचं चित्र होतं आणि पांढऱ्या बॉलवर फिकट गुलाबी अक्षरं.

ह्यांनी खोकं हातात घेतलं, ते चित्र पाहिलं आणि टीपॉयवर ठेवलं. "बायकांचे बॉल आणलेस."

"बॉलला कुठे कळतंय कोण मारतंय ते?"

"शेठला कळेल. मैदानावर सगळ्यांना कळेल."

"तुमच्या हाताला बरं वाटेल ना?"

"माझा हात गेलाय, अक्कल गेलेली नाही." हे पहिल्यांदाच इतक्या मोठ्या आवाजात बोलले. मग स्वतःच दचकले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी जेवणाची ताटं घेतली. त्या रात्री आम्ही वरणभात खाल्ला आणि एकमेकांशी मिठाशिवाय दुसरं काही बोललो नाही.

तरी मी हट्ट सोडला नाही. कडकच खेळायचा तर निदान गरम करून खेळावा, असं मला सुचलं. बॉल थंडीने कडक होत असेल तर उबेने मऊ व्हायला हवा, साधा हिशेब होता. मी पहाटे पोळ्यांच्या डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल घातला, त्यात ह्यांचे बॉल गुंडाळले आणि डबा हातात दिला. हे डब्याकडे बघत राहिले. "अंडी उकडलीस काय?"

घेऊन मात्र गेले. मीही त्या दिवशी बरोबर गेले, कारण एकट्याला पाठवायला धीर होत नव्हता. पहिल्या होलला, म्हणजे पहिल्या भोकाच्या टप्प्यात, ह्यांनी डब्यातला कोमट बॉल मारला. बरा गेला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण चालताना खांदे सैल झालेले मला दिसले. मग तो बॉल दवात भिजला. बाकीचे डब्यात होते, पण हे दर फटक्याला डबा उघडून बघत, झाकण उघडं राही, आणि दुसऱ्या होलच्या शेवटी टॉवेलच गारढोण झाला. तिसऱ्या होलला फटका बसला आणि ह्यांच्या तोंडून "स्स्" असा आवाज निघाला. पुढे कोणी डब्याचं नाव काढलं नाही. मी तो हातात धरून सगळं मैदान फिरले. लोक बघत होते. नाश्ता आणला असं त्यांना वाटत असावं.

त्यातून बॉल सापडत नव्हते. सकाळच्या दवाने गवत पांढुरकं दिसे आणि पांढरा बॉल त्यात विरघळून जाई. शेठच्या सांगण्यावरून मी पिवळे मागवले. तर कडेचं लांब गवत एव्हाना वाळून पिवळं पडलेलं. पिवळा बॉल त्यात गेला की गेलाच. शेठ, मी आणि बॅग उचलणारा कॅडी पायाने गवत चाळत उभे, आणि हे लांबून ओरडत, "डावीकडे, अजून डावीकडे." वाकून वाकून माझी कंबर धरली. मी घरी आल्यावर म्हटलं, "ह्यापेक्षा आपण बागेत चालत जाऊ या."

"तू जा," हे म्हणाले.

सगळ्यात वाईट शेठचं वागणं होतं, आणि तेही प्रेमापोटीच. हे मैदानावर काहीही चुकले तरी ते म्हणत, "राहू द्या साहेब, झाला." बॉल भोकापासून हातभर लांब असला की समोरच्याने तो गेलाच असं धरून सोडायचं, अशी मित्रांत पद्धत असते. पण शेठ चार-पाच हातांवरचाही सोडू लागले. पूर्वी हेच शेठ एका फटक्यासाठी तासभर हुज्जत घालत. हे नुसता बॉल उचलून खिशात टाकत आणि पुढे चालू लागत. त्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघून मला शेठला सांगावंसं वाटे की नका सोडू. पण काय सांगणार? माणूस आपल्याला जपतोय, त्याला जपू नका म्हणायचं?

जानेवारीत शेठनी नेऱ्याच्या फार्महाउसवर पोपटीला बोलावलं. वालाच्या शेंगा आल्या की त्या भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात भरायच्या, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ पेटवायचा, हा आमच्या भागातला थंडीचा कार्यक्रम. आम्ही दुपारीच पोचलो. मागचं भाताचं शेत कापून झालं होतं, धसकटं उरली होती, आणि पलीकडे डोंगरापर्यंत मोकळं. शेठ म्हणाले, "साहेब, बॅग गाडीत हाय. मारायचे काय चार? इथं कोन बघायला नाय."

ह्यांना मोह झाला. क्लब हातात घेऊन हे म्हणाले, "बॉल कुठले आणलेत?"

"सगले. वयनींचे पन हायेत."

"ते नकोत. एका फटक्यात कळतं मला, कुठला आहे ते."

मी थकले होते. दीड महिना त्या बॉलपायी माझा जीव वैतागून गेला होता. मी म्हटलं, "कळतं ना? मग मी न सांगता ठेवते. तुम्ही ओळखा."

"ठेव."

मी गुलाबी अक्षरं जमिनीकडे करून एक बॉल शेठनी अंथरलेल्या गवताच्या चटईवर ठेवला. ह्यांनी चष्मा काढून शेठकडे दिला, म्हणजे जवळचं काही वाचता येणार नाही, आणि मारला. बॉल सरळ गेला, बांधापलीकडे पडला. ह्यांचा चेहरा उजळला. "हा माझा."

शेठ खाली बघू लागले. मी दुसरा ठेवला. ह्यांनी मारला. आवाज वेगळाच झाला, बॉल खालून घसरत गेला आणि ह्यांचा डावा हात क्लबवरून सुटला. हाताची बोटं उघडझाप करत हे म्हणाले, "हा तुझा बायकांचा. बघ, कसा लागतो."

मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. मला ते सांगूच नये असं वाटलं. पण ह्यांनी माझं तोंड पाहिलं, मग शेठचं पाहिलं. शेठ म्हणाले, "मी जरा शेंगा निवडल्या का बघून येतो," आणि घराकडे गेले.

"उलटं होतं?" ह्यांनी विचारलं.

"हो."

हे बांधावर बसले. मीही शेजारी बसले. बराच वेळ हे आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कोणाचा असावा. मग म्हणाले, "पूर्वी डोळे मिटून सांगायचो. बॉल कुठला, कुठे लागला, किती लांब जाणार. हातातच कळायचं. आता तिथून काही येतच नाही. कळ तेवढी येते."

"परत येईल."

"कदाचित येईल. नाही आलं तर?"

मी म्हटलं, "मला कंटाळा आलाय हो. तुमच्या आजाराचा नाही, ह्या बॉलचा. मला ह्यातलं काही कळत नाही, आणि तुम्ही सांगत नाही. दुकानात लोक मला काहीबाही विचारतात आणि मी बावळटासारखी उभी राहते."

"काय विचारतात?"

मी हँडिकॅपची गोष्ट सांगितली. मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. ह्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होते. मलाही हसू आलं, पण लगेच नाकात पाणी आलं आणि मी पदराने नाक पुसलं. ह्यांनी उजव्या हाताने माझी पाठ थोपटली.

"मी येतो दुकानात," हे म्हणाले. "पण त्या टोपीवाल्या बाईचं चित्र नको."

वाशीच्या त्या दुकानात आम्ही पुढच्या रविवारी गेलो. विक्रेता तोच होता. त्याने मला ओळखलं आणि न मागता खुर्ची दिली. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं, झटक्यासकट, अगदी मशीनच्या बिघाडाबद्दल बोलावं तसं. त्याने मऊ बॉल काढले, केशरी रंगाचे, खोक्यावर कोणाचंही चित्र नसलेले. वाळलेल्या गवतातही दिसतील म्हणाला. ह्यांनी एक बॉल जमिनीवर टाकून आवाज ऐकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. मला तिन्ही आवाज सारखे वाटले. हे तिसऱ्यावर थांबले. अर्धा तास लागला. घरी येताना ह्यांनी मला आतल्या थरांचं आणि रबराचं समजावून सांगायला सुरुवात केली आणि पनवेल येईपर्यंत थांबले नाहीत. मागच्या महिन्यात हेच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं माझ्या मनात येत होतं. मी ऐकून घेतलं.

बॉल मऊ आले म्हणून खेळ सुधारला असं काही झालं नाही. बॉल पूर्वीच्या निम्म्या अंतरावर पडे. दवात भिजून मध्येच थांबे. हात दुखायचा थांबला, पण क्लब तरीही कधीकधी हातात फिरे, आणि ह्यांची चिडचिड तशीच राहिली. मी आता चालत बरोबर न जाता कॅन्टीनजवळच्या बाकावर वह्या तपासत बसू लागले. तिथून शेवटचा होल दिसतो.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी दोघं त्या शेवटच्या होलवर आले. ह्यांचा केशरी बॉल भोकापासून दोनेक हातांवर थांबला. हे उचलायला वाकणार इतक्यात शेठ म्हणाले, "ओ साहेब. तो कुठं उचलता? मारा."

हे वाकलेले तसेच राहिले. "काय?"

"दोन हात लांब हाय. मारा बोलतो. आजचा नाश्ता तुमच्यावर हाय, असा फुकट नाय सोडणार."

नेऱ्याला काय झालं ते शेठनी पाहिलं होतं. त्यातून त्यांनी काय घेतलं ते मला माहीत नाही, मी त्यांना कधी विचारलं नाही. ह्यांनी क्लब घेतला, वाकले, बराच वेळ लावला आणि मारला. बॉल भोकाच्या काठावरून फिरून बाहेर आला.

"दव होतं," हे म्हणाले.

"दव मला पन होता."

"तुमचा बॉल वाळल्या बाजूने आला."

"साहेब, सहा फटके झाले तुमचे."

"पाच."

"सहा. नाल्यातला मोजला नाय तुमी."

मग जे सुरू झालं ते कॅन्टीनपर्यंत, कॅन्टीनमध्ये आणि तिथून गाडीपर्यंत चाललं. नाल्यातून बॉल बाहेर काढला त्याचा फटका धरायचा की नाही, ह्यावर ह्यांनी नियम सांगितले, शेठनी ते उडवून लावले, कॅडीला साक्षीला बोलावलं तर तो हसून बाजूला झाला. माझा चहा गार झाला. वह्या अर्ध्या राहिल्या. इडलीचं बिल शेवटी ह्यांनी दिलं आणि गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "पाचच होते. तू बघत होतीस ना?"

"मी वह्या तपासत होते."

"नेहमीच तुझं काहीतरी असतं," म्हणाले, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत तोंड फुगवून बसले. लिफ्टमध्ये शर्टाच्या बाहीचं बटण सुटलेलं मला दिसलं. किती दिवसांनी शर्ट घातला होता. मी लावायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, लावतो मी." ते लावून होईपर्यंत आमचा मजला आला, दार उघडलं, परत बंद झालं, आणि आम्ही दोघं पुन्हा तळमजल्यावर गेलो.